हाताशीं काय असावें

कोणत्याही मराठी घराच्या स्वयंपाकघरांत पाहावें, मिसळणाचा डबा चुलीपाशीं असतो आणि केशराची डबी कपाटांत असते. मोहरी, जिरें, हळद, तिखट, हिंग हीं रोज लागतात म्हणून तीं हाताशीं. केशर वर्षांतून चार वेळां लागतें म्हणून तें दूर. या व्यवस्थेंत केशराचा अपमान झाला असें कोणी म्हणत नाहीं आणि मोहरीला मान मिळाला असेंही कोणी समजत नाहीं. लागेल तें जवळ, न लागेल तें लांब, हा गृहिणीचा नियम इतका साधा आहे कीं त्यांत नीतीचा कांहीं प्रश्न दडला असेल अशी शंका येण्याचें कारण नाहीं. मलाही ती परवांपरवांपर्यंत आली नव्हती. आली ती स्वयंपाकघरांत नव्हे, लिहिण्याच्या टेबलावर. आणि ती आणून देणारी वस्तु इतकी क्षुल्लक आहे कीं तिच्यावर मी निबंध लिहावयास बसलों हें पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल.

मी गेलीं कांहीं वर्षें संगणकावर लिहितों. त्यासाठीं जें साधन वापरतों त्याला 'टेक्स्ट एडिटर' म्हणतात. मराठींत त्याला 'संपादक' म्हणावें तर मासिकांचे संपादक रागावतील, कारण हा एडिटर लेखकाचें एक अक्षरही कापीत नाहीं. साधा मजकूर दाखवावा, बदलूं द्यावा व जपून ठेवावा, एवढेंच त्याचें काम. माझ्या संगणकावरचा एडिटर 'व्हिम' या नांवाचा आहे. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनीं तो १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्यें निधन पावेपर्यंत ते त्याची निगा राखीत आले. तो फुकट मिळतो. आवडल्यास युगांडांतील गरजू मुलांसाठीं कांहीं द्यावें, एवढीच त्यांची विनंति असे. अशा एडिटरला मागाहून लहान लहान जोडण्या लावतां येतात. त्यांना प्लगिन म्हणतात. बैलगाडीच्या दांडीला कंदील अडकवावा, तसा हा प्रकार.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा पुतण्या आमच्याकडे राहावयास आला होता. तो पुण्यास संगणकशास्त्र शिकतो. एक फाईल उघडण्यासाठीं मी तिचा सगळा पत्ता, म्हणजे कोणत्या कप्प्यांतल्या कोणत्या पोटकप्प्यांत ती आहे तें, अक्षर अक्षर टंकीत आहें हें पाहून त्याला माझी कींव आली. "काका, तुम्ही रोज त्याच चार-पांच फायली उघडतां. मग रोज एवढा रस्ता पायीं कशाला जातां?" असें म्हणून त्यानें पांच मिनिटांत एक प्लगिन बसवून दिलें. आपण ज्या फायली वारंवार उघडतों त्यांचीं नांवें लक्षांत ठेवावीं आणि एक कळ दाबतांच त्यांची यादी पुढें करावी, एवढेंच त्या प्लगिनचें काम. यादीचा क्रम तें स्वतःच लावतें. फाईल किती वेळां उघडली आणि किती अलीकडे उघडली, या दोहोंचा मेळ घालून तें गुण देतें. जुन्या भेटींचे गुण हळूहळू विटत जातात. फायरफॉक्स नांवाच्या ब्राउझरनें २००८ सालीं आपल्या पत्त्याच्या पट्टींत हीच युक्ति आणली, आणि वारंवारता व अलीकडेपणा या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एकत्र सांधून तिला 'फ्रीसेन्सी' असें नांव दिलें. शब्द ओबडधोबड आहे; कल्पना सुबक आहे.

आठवड्यानें परत निघतांना, प्लगिन नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पुतण्यानें ती कळ दाबली. यादी आली. सर्वांत वर नांव होतें, 'दादा-घर'.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. म्हणजेच या मुलाचे वडील. 'दादा-घर' ही फाईल म्हणजे आमच्या वडिलोपार्जित घराविषयीं आम्हां दोघां भावांत जो वाद आहे त्याचा माझ्या बाजूचा वृत्तांत. छपराला कोणत्या सालीं किती पैसे मीं घातले, कोणत्या पत्राला उत्तर आलें नाहीं, कोणाच्या लग्नांत कोण काय बोललें. वाद न्यायालयांत गेलेला नाहीं व जाणारही नाहीं. दोन्ही घरांतल्या मुलांना तो ठाऊक नाहीं, अशी आम्हां दोघांचीही समजूत होती. पुतण्यानें यादी पाहिली, वरचें नांव वाचलें, "चालतंय, काका," एवढें म्हणाला आणि पिशवी भरावयास गेला.

मग मीं ती यादी सावकाश वाचली. दुसऱ्या क्रमांकावर विजेच्या बिलाविषयींची एक तक्रार होती. तिसऱ्यावर औषधांचा तक्ता. आणि खालीं, अगदीं खालीं, चोविसाव्या क्रमांकावर 'मोडी-वह्या'. या वह्या माझ्या एका दिवंगत स्नेह्यांच्या. आपल्या घरचे जुने मोडी कागद, म्हणजे कर्जरोखे, वांटणीपत्रें व दोन पिढ्यांचीं घरगुती पत्रें, त्यांनीं वाचून देवनागरींत सात वह्यांत उतरून ठेविलीं होतीं. ते गेले तेव्हां चार लोकांच्या देखत मीं वहिनींना शब्द दिला कीं, या वह्या संगणकावर चढवून वर्षश्राद्धापूर्वीं स्वच्छ प्रत तुमच्या हातीं देईन. वर्षश्राद्ध होऊन गेलें होतें. तुमच्या हातचें सर्वांत महत्त्वाचें काम कोणतें, असें मला कोणीही कोणत्याही दिवशीं विचारलें असतें तर मीं मनापासून 'वह्यांचें' असेंच उत्तर दिलें असतें. आणि तें खोटें आहे हें मला कळलेंही नसतें.

प्रथम मीं स्वतःचा बचाव केला; माणूस तोच प्रथम करतो. यादी म्हणजे कांहीं साक्षीदार नव्हे, असें मनाशीं म्हटलें. यंत्र फक्त मोजतें. आणि मोजून जवळ ठेवण्याच्या या रीतीला शास्त्राचा भक्कम आधार आहे, हेंही मला ठाऊक होतें. संगणकाची जलद स्मृति लहान असते. नवें पान आंत घ्यावयाचें तर जुनें एखादें बाहेर काढावें लागतें. कोणतें काढावें? लास्लो बेलाडी यांनीं १९६६ सालीं याचें आदर्श उत्तर मांडलें: ज्याची गरज सर्वांत उशिरां पडणार आहे तें काढावें. उत्तर निर्दोष आहे. अडचण एवढीच कीं त्यासाठीं भविष्य ठाऊक असावें लागतें. तें ठाऊक नसल्यामुळें भूतकाळावरून अंदाज बांधणें आलें. पुढें १९८५ सालीं स्लीटर आणि टार्जन या दोघांनीं सिद्ध केलें कीं, ओळीनें मांडलेल्या वस्तूंपैकीं जी वापरली ती दर वेळीं उचलून अगदीं पुढें ठेवीत गेलें, तर शोधण्याचे एकंदर श्रम, पुढचें सारें आधींच ठाऊक असलेल्या एखाद्या सर्वज्ञाच्या श्रमांच्या दुपटीहून फारसे जास्त होत नाहींत. ढिगांतून काढलेला कागद परत ढिगाच्या माथ्यावर टाकणारा आळशी कारकून नकळत शास्त्रशुद्ध वागत असतो, असा याचा अर्थ. जपानी अर्थशास्त्रज्ञ युकिओ नोगुची यांनीं १९९३ सालीं पुस्तक लिहून कागदपत्रें ठेवण्याची हीच रीति सांगितली: विषयवारी करूं नका, वापरलेलें पाकीट ओळीच्या एका टोकाला ठेवा, न लागणारें आपोआप दुसऱ्या टोकाकडे सरकेल.

पण या सगळ्या विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मागणी बाहेरून येते, आणि आपल्याला तिला केवळ पुरे पडावयाचें असतें. संगणक कोणतें पान मागेल हें जलद स्मृतींत काय ठेविलें आहे यावर अवलंबून नसतें. मोहरीचेंही तसेंच, डबा जवळ आहे म्हणून कोणी एका वरणाला दोनदां फोडणी देत नाहीं. माणसाच्या मनाचा व्यवहार असा नाहीं. येथें जवळ असणें हेंच मागण्याचें कारण होतें. सकाळीं संगणक उघडावा, बोट कळेवर जावें, यादी पुढें यावी. वरचें नांव तयारच. काय करावयाचें हें ठरण्यापूर्वींच फाईल उघडलेली असे. उघडली कीं गुण वाढे, गुण वाढला कीं ती वर टिके, आणि वर टिकली कीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच. कृतीनें संस्कार, संस्कारानें वासना आणि वासनेनें पुन्हां कृति, असें जें चक्र आपल्या शास्त्रांत सांगितलें आहे तें इतक्या उघड्या स्वरूपांत मीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. मोबाईलवरच्या नांवांचेंही असेंच होत असावें. ज्यांच्याशीं रोज बोलतों तीं नांवें वर येतात, आणि अंथरुणाला खिळलेली मावशी कोठें तरी खालीं जाते.

शिवाय ही मोजणी आंधळी. एखादी फाईल दहा वेळां उघडली म्हणजे ती दहापट कामाची, असें नाहीं. काम होत नाहीं म्हणूनच ती दहा वेळां उघडावी लागली असेल. 'दादा-घर' मध्यें गेल्या सहा महिन्यांत मीं नवा मजकूर किती घातला तें पाहिलें. अर्धें पान. बाकी नुसतें उघडणें, वाचणें आणि एखादें विशेषण बदलणें. 'अन्याय' होता तेथें 'उघड अन्याय' केला होता. मागाहून 'उघड' काढलें होतें. मग पुन्हां घातलें होतें.

धुळ्यास राहणाऱ्या माणसाला अशा वेळीं इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण न होणें कठीण. ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते येथेंच निवर्तले, आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें येथें संशोधन मंडळ निघालें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या त्यांच्या २२ खंडांपैकीं पहिला १८९८ सालीं निघाला, आणि त्यांत १७५० ते १७६१ पर्यंतचीं, म्हणजे पानिपतापर्यंतचीं पत्रें आहेत. असले कागद होते कोठें? रोज उघडल्या जाणाऱ्या पेटींत नव्हते. वाड्यांच्या माळ्यांवर, अडगळींत, रुमालांत गांठी मारून पडले होते. कित्येक गांठी सुटून शंभर वर्षें लोटलीं असतील. वारंवारतेचा न्याय लावला असता तर घरांतून प्रथम बाहेर जाण्याचा मान त्यांचाच होता. पुष्कळ घरांत तो न्याय लावलाही गेला. वाण्याच्या पुड्या, चुलीचें पेटवण आणि वाळवी यांच्या स्वाधीन काय काय झालें त्याची यादी कोणाजवळ नाहीं. राजवाडे गांवोगांव हिंडले ते नेमके, जें कोणी उघडीत नव्हतें तें उघडण्यासाठीं.

आणि उघडून छापलें म्हणजे प्रश्न मिटतो असेंही नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनीं त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ च्या दरम्यान प्रसिद्ध झाले. काम थोर होतें. परंतु छापील भाग हाताशीं आले आणि मोडी वाचणारे कमी होत गेले. त्यामुळें ज्याला त्याला आधार हवा तो त्याच भागांतला मिळूं लागला, आणि न छापलेला रुमाल होता त्याहून दूर गेला. यांत सरदेसायांचा दोष नाहीं. एक वस्तु जवळ आणली कीं शेजारची न हलतांच लांब जाते.

मग क्रम ठरवावा कसा? आमच्या पांझरेवर पाण्याच्या बाबतींत याचें एक उत्तर शेंकडों वर्षें चालत आलें, आणि कांहीं ठिकाणीं अद्याप चालतें. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे. एका फडांत एका वर्षीं एकच पीक. यंदा ज्या फडांत ऊंस, त्यांत पुढल्या वर्षीं दुसरें, असा फेर फिरत राहावयाचा. शेतकऱ्याची जमीन एकाच फडांत एकवटलेली नसून निरनिराळ्या फडांत विखुरलेली असावयाची, म्हणजे जास्त पाण्याचा फड कोणत्याही वर्षीं एकट्या कोणाचा होत नाहीं. पाणी सोडण्यास पाटकरी, आणि तो शेतकऱ्यांनींच नेमलेला. ज्याला काल जास्त मिळालें त्याला उद्यां जास्त, असा हिशेब तेथें नाहीं. हें मला फार पटलें. मीं लगेच आपल्या लक्षाचे फड पाडले: सोमवारीं व गुरुवारीं वह्या, मंगळवारीं पत्रव्यवहार, बुधवारीं लेखन. तिसऱ्या आठवड्यांत सोमवार दादाच्या फाईलकडे गेला. फडावर पाटकरी निराळा असतो. माझ्या टेबलावर पाट सोडणारा आणि पाणी चोरणारा एकच होता.

मग उलट करून पाहिलें. सर्वांत कमी उघडलेल्या फायली वर दाखविणारी यादी हवी, असें पुतण्याला कळविलें. त्यानें दोन ओळी बदलून पाठविल्या आणि कारण विचारलें नाहीं. उलट्या यादींत वर काय आलें? २०१७ सालच्या पाणीपट्टीची नोंद, कोणाच्या तरी बारशाचें आमंत्रण, आणि नांव दिलेली पण आंत एक अक्षरही नसलेली एक फाईल. वह्या याही यादींत मधेंच कोठें तरी होत्या. विस्मरणांत पडलेली प्रत्येक वस्तु कांहीं पानिपतचें पत्र नसते. राजवाड्यांच्या मार्गानें जावयाचें तर राजवाड्यांचा डोळा पाहिजे. नुसती यादी उलटी करून भागत नाहीं.

शेवटीं दुसऱ्या जातीचें प्लगिन घेतलें. यांत यंत्र मोजीत नाहीं. आपणच चार-पांच फायली निवडून त्यांवर खूण करावयाची आणि प्रत्येकीला एकेक कळ बांधून द्यावयाची. व्हिममध्यें ही सोय मुळांतच आहे; इंग्रजी वर्णमालेंतलीं २६ मोठीं अक्षरें निरनिराळ्या फायलींतल्या जागांना नेमून देतां येतात, आणि एडिटर बंद केला तरी तीं लक्षांत राहतात. प्लगिन तीच गोष्ट सुटसुटीत करतें. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिमसाठीं असें एक प्रसिद्ध प्लगिन आहे, त्याचें नांव 'हार्पून', म्हणजे देवमाशावर फेंकावयाचा दोरी बांधलेला भाला. नांवांतच पुरुषार्थ आहे: मीं नेमलें, मीं मारलें. पहिली कळ मीं वह्यांना दिली. मला फार बरें वाटलें. इतकें बरें वाटलें कीं त्या दिवशीं ती फाईल उघडलीच नाहीं.

दुसऱ्या दिवशींही नाहीं. देवघरांतल्या तसबिरीला आपण रोज हात जोडतों आणि तिच्या चौकटीला कसर लागलेली महिनोन् महिने दिसत नाहीं, तसें त्या पहिल्या कळेचें झालें. मोजणारी यादी निदान खोटें बोलत नव्हती. माझ्या हातची यादी म्हणजे पाहुण्यांसाठीं मांडलेला दिवाणखाना होता. एक यादी मी कसा आहें तें दाखवी आणि तसेंच राहण्यास मदत करी; दुसरी मी कसा दिसूं इच्छितों तें दाखवी, आणि मदत कशालाच करीत नसे.

यानंतर जें केलें तें विचारानें केलें असें म्हणवत नाहीं. पुतण्याच्या त्या "चालतंय, काका"ची लाज मनांत होती, तिनें केलें. अमुक फाईल मोजूं नको, असें प्लगिनला सांगून ठेवतां येतें. मीं 'दादा-घर' यादींतून काढविली. पुसली नाहीं, पुसण्याइतका मी मोठा नाहीं. फक्त ती उघडावयाची तर पूर्वींसारखा सगळा पत्ता टंकावा लागेल, एवढें केलें. दोन दिवसांनीं अर्थातच ती उघडावीशी वाटली. टंकावयास बसलों. कप्पा, पोटकप्पा, आणि मग 'दादा'.

तेथें बोटें थांबलीं. फाईलच्या आंत मीं त्याला सर्वत्र 'थोरले' म्हटलें होतें, कोठें कोठें 'प्रतिपक्ष'ही. आणि बाहेर, कळ दाबून उघडीत असल्यामुळें, फाईलचें नांव मला कधीं लिहावेंच लागत नव्हतें. ज्याला लहानपणीं दिवसांतून पन्नास वेळां हांक मारली तो शब्द माझ्या बोटांनीं कित्येक आठवड्यांनीं लिहिला. सोय आपले दोन-तीन सेकंद वांचविते, आणि ते वांचलेले सेकंद अगदीं क्षुद्र वाटतात. पण आपण काय करावयास निघालों आहों त्याचें नांव घेण्याची जागा तेवढ्याच सेकंदांत होती. मोहरीचें नांव घेण्याची गरज नाहीं, म्हणून ती जवळ असावी हें ठीक. भांडणाचें नांव दर वेळीं घ्यावें लागावें, हेंही मला आतां ठीक वाटतें. वह्यांविषयीं मात्र अशी कांहीं युक्ति सांपडली नाहीं. त्यांची कळ मीं काढून टाकली आहे, आणि पहिली वही कागदाचीच टेबलावर उघडी ठेवतों, म्हणजे चहाचा पेला ठेवण्यासाठीं तरी ती हलवावी लागते.

'दादा-घर' हें नांव या महिन्यांत मीं दोनदां टंकिलें. दुसऱ्या वेळीं 'दादा' पर्यंत आलों आणि पुढचें टंकण्याऐवजीं फोन उचलला. वादाचें कांहीं निघालें नाहीं. पाऊस कसा काय, असें विचारलें. मागच्या खोलींत गळतें आहे, म्हणाला. कौलें कोणत्या सालीं बदललीं होतीं तें तुला आठवतें का? मला आठवत होतें. फाईलींत तें पहिल्याच पानावर लिहिलेलें आहे. मीं साल सांगितलें. पैसे कोणाचे होते तें सांगितलें नाहीं.

सात वह्यांपैकीं तीन चढवून झाल्या आहेत. वहिनींनीं अजून विचारलेलें नाहीं.